निशाणी एक ते चार

त्या पत्राच्या शेवटी, माझ्या सहीखाली, 'प्रत माहितीसाठी सविनय सादर' असे लिहून मी सहा पत्ते दिले होते. मूळ पत्र एका वीजतंत्र्याला. प्रती अनुक्रमे ग्रामपंचायत, गावची तंटामुक्ती समिती, पोलीस ठाणे, मच्छीमार सोसायटी, त्याच्या मोहल्ल्यातल्या मशिदीची जमात आणि उरणचा तो व्यापारी, ज्याच्याकडून आम्ही गाडीच्या बॅटरीचे सेल आणले होते. ज्या पत्राला प्रत नसते त्याला उत्तर येत नाही, हे मी तालुका न्यायालयाच्या नोकरीत शिकलो. निवृत्त झाल्यावरही ती शिकवण मी सोडली नाही. वीज कंपनी, बांधकाम खाते, पोस्ट, सगळ्यांना मी लिहीत आलो. प्रत्येक पत्राची नोंद माझ्या जावक वहीत असते: क्रमांक, तारीख, वेळ, विषय, कोणत्या मार्गाने पाठवले. त्या वहीचा मला अभिमान होता. तिनेच माझी मान खाली घातली. ते सांगण्यासाठी हे लिहीत आहे. या लिखाणाला प्रत नाही.

आमचे गाव श्रीवर्धनपासून फार लांब नाही. घरामागे सुपारीची वाडी, वाडीच्या टोकाला खाडी. गोठा रिकामा झाल्यावर त्याची शेड केली, तिथे माझी जुनी पेट्रोलची गाडी वर्षानुवर्षे उभी होती. खाऱ्या हवेने इंजिन जाम झाले. भंगारवाल्याने देऊ केलेली किंमत ऐकून मला जो संताप आला, त्या संतापातूनच ती गाडी विजेवर चालवायची असे मी ठरवले. बायको म्हणाली, माणसे रागाने घर सोडतात, तुम्ही रागाने गाडी जोडता.

जोडणारा मात्र मी नव्हतो. बंदराजवळच्या मोहल्ल्यात राहणारा, चाळिशीचा एक माणूस होता. बारा वर्षे आखातात एका मोठ्या गोदामातल्या बॅटरीवरच्या माल उचलणाऱ्या गाड्या त्याने सांभाळल्या होत्या. आई एकटी पडली म्हणून तो परत आला आणि जेटीच्या रस्त्याला त्याने छोटे वर्कशॉप टाकले. कोर्टातल्या माणसाला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात, तोही मला भाऊसाहेबच म्हणे. आम्ही दोघे टेम्पो घेऊन उरणला गेलो आणि लिथियमचे चोवीस सेल घेऊन आलो. प्रत्येक सेल विटेपेक्षा थोडा मोठा, निळ्या वेष्टणातला. चोवीस सेल एकापुढे एक साखळीसारखे जोडायचे, की गाडीला लागेल एवढा विजेचा दाब तयार होतो.

सेलांचा हा पॅक गाडीत बसवून झाल्यावर त्याने मला समोर बसवून एकच गोष्ट सांगितली. "भाऊसाहेब, यात पाणी न्हाय घालायचं, तेल न्हाय घालायचं. चोवीसांना एकसारखं वागवायचं, बस. एकाला जास्त राबवलंत की तो आधी संपतो. आणि एक संपला, की तेवीस भरलेले असले तरी गाडी थांबणार." कोणताही सेल फार खाली गेला तर साऱ्या पॅकचा पुरवठा तोडणारी एक इलेक्ट्रॉनिक पाटीही त्याने बसवली होती. सगळे तिला बीएमएस म्हणतात. मी ते सारे लिहून घेतले. लिहून घेतले म्हणजे समजले, अशी माझी आयुष्यभराची समजूत.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. न्यायालयात पुराव्याच्या प्रत्येक वस्तूला निशाणी क्रमांक पडतो. मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून, शाईने 'निशाणी १' पासून 'निशाणी २४' पर्यंत लिहून त्या सेलांवर डिंकाने चिकटवल्या. कारखान्याने सेलावर छापलेला अनुक्रमांक त्या पट्टीखाली गेला, याचे मला काही वाटले नाही. माझा क्रमांक असताना त्यांच्या क्रमांकाची गरज काय? दर रविवारी सकाळी मीटर लावून प्रत्येक सेलाचा दाब मी वेगळ्या वहीत उतरवू लागलो. रस्त्यावर गाडी काढण्याची परवानगी प्रलंबित होती, आणि परवानगीवाचून रस्त्यावर येणारा माणूस मी नव्हे. म्हणून आमच्या वाडीच्या खासगी वाटेवरून खाडीपर्यंत आणि परत, एवढाच तिचा प्रवास.

वैशाखात पहिल्या चार सेलांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या खाऱ्या हवेने हिरव्या पडल्या. वीजतंत्र्याने ते चार सेल सोडवले, वर्कशॉपला नेले, टोके घासून साफ केली, नव्या कल्हईच्या पट्ट्या केल्या आणि दोन दिवसांनी सेल परत बसवले. ते दोन दिवस लक्षात ठेवावेत. माझा सगळा आरोप त्या दोन दिवसांवर उभा राहिला.

नंतर पाऊस लागला आणि वीज जाऊ लागली. मोबाइलवरचे इंटरनेट आमच्या आळीत चालत नाही; वीज गेली की राउटर बंद, राउटर बंद की ईमेल बंद. म्हणजे वीज गेल्याची तक्रार वीज आल्याशिवाय करता येत नाही. हा अन्याय मला सहन होईना. राउटरला बारा व्होल्ट लागतात, हे त्याच्या पाठीवर छापलेले होते. सव्वातीन व्होल्टच्या आसपासचे चार सेल मिळून जवळजवळ तेवढेच होतात, हे गणित माझे मीच केले. शेडची खिडकी माझ्या लिहिण्याच्या टेबलाला लागून आहे आणि निशाणी एक ते चार त्या खिडकीच्या बाजूला होते. मी बाजारातून काळी दुपदरी वायर आणली, त्या चार सेलांच्या दोन टोकांना जोडली, सुपारीच्या सालांच्या पोत्यांमागून खिडकीतून आत घेतली. राउटरचा हिरवा दिवा लागला. त्या दिवशी अंधारलेल्या दुपारी, वीज नसताना, मी वीज कंपनीला ईमेल पाठवला आणि खाली मुद्दाम वेळ लिहिली.

सुरुवातीला वीज आली की मी वायर काढत असे. मग ती काढायचे सोडून दिले. राउटर खातो तरी किती, असा माझा हिशेब होता, आणि एका रात्रीपुरता तो बरोबर होता. तो मी आषाढापासून आश्विनापर्यंत कधी पुन्हा मांडला नाही. सेलांच्या वहीत त्या वायरीची नोंद नाही. ती वही गाडीची होती, आणि वायर माझ्या मते घराची. बायको शेजारणीला कौतुकाने सांगे, लाइट गेली तरी यांची पत्रे जातात, तेवढे एक बरे झाले.

भाद्रपदात पहिल्या चार सेलांचा आकडा दुसऱ्या दशांश स्थळी घसरू लागला. या जातीचा सेल जवळजवळ रिता होईपर्यंत आपला दाब फारसा हलू देत नाही, आणि मग एकदम कोसळतो. ते मला नंतर कळले. मी फक्त आकड्यांखाली लाल रेघ ओढत गेलो. चारच का? तेच चार का, जे दोन दिवस वर्कशॉपला राहिले? एकदा हा प्रश्न सुचल्यावर माझ्या डोक्यात उत्तराची गरजच उरली नाही.

दसऱ्यानंतर गाडीच्या प्राथमिक तपासणीसाठी परिवहन खात्याचे एक अधिकारी आले. मी धुतलेला शर्ट घातला होता. वाडीत सात-आठ शेजारी जमले होते, त्यात माझी खोड मोडावी अशी मनापासून इच्छा असलेले दोघे तरी होते. मी किल्ली फिरवली, गाडी विहिरीपर्यंत गेली आणि थांबली. पुन्हा किल्ली फिरवली, ती हलली नाही. अधिकाऱ्यांनी अदबीने सांगितले की तयारी झाली की कळवा. मागून कुणीतरी म्हणाले, "भाऊसाहेब, आता हिलाच एक नोटीस काढा." सगळे हसले. मीही हसल्यासारखे केले, आणि घरात जाऊन पत्र लिहायला बसलो.

त्यातले एक वाक्य मला पाठ आहे, कारण त्यावर मी दोनदा हात फिरवला होता. 'आपण माझ्या विश्वासाचा गैरफायदा घेऊन, दुरुस्तीच्या मिषाने निशाणी एक ते चार हे नवे सेल आपल्या ताब्यात घेतले व त्याऐवजी जुने, निकामी सेल बसवून माझी फसवणूक केली, असे मानण्यास सबळ कारण आहे.' वाक्य घोटीव होते. ते लिहिताना मला जी तृप्ती वाटली तिची आज सर्वांत जास्त लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. म्हणाला, तुमची पट्टी खरवडून खालचा छापील नंबर बघा, बिलावर सगळे नंबर आहेत. मी लेखी उत्तर दिले की पट्टी काढल्यास पुराव्यात फेरफार होईल, सबब विनंती अमान्य. त्यालाही सहा प्रती.

प्रती आपापल्या जागी पोचल्या. मच्छीमार सोसायटीच्या होड्यांवर बॅटरीचे दिवे बसवायचे काम त्याला मिळायचे होते. सोसायटीने ते थांबवले. मशिदीच्या सौर संचाची देखभाल त्याच्याकडे होती, बॅटरीच्या खोलीची चावी त्याच्या खिशात असे. ती त्याने स्वतःच नेऊन दिली, असे कानावर आले. आरोप असलेल्या माणसाने चावी सोडावी, यात मला तेव्हा रीतसरपणा दिसला.

तंटामुक्ती समितीची बैठक ग्रामपंचायतीत झाली. अध्यक्ष आमच्याच आळीतले बागायतदार, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. मी दोन्ही वह्या कापडात बांधून नेल्या होत्या. वीजतंत्र्याच्या हातात फक्त मीटर होता. त्याने बचाव केलाच नाही, आधी मला विचारले की सेल कोणत्या कोणत्या आठवड्यात पडले. मी तारखा वाचल्या. मग म्हणाला, "आणि भाऊसाहेब, लाइट कधी कधी गेलेली? चार्जिंग मधेच तुटत असंल तर ते पण बघायला लागंल."

तो खरोखर कारण शोधत होता. मला मात्र ती संधी वाटली, कारण वीज गेल्याची नोंद माझ्याइतकी कुणाकडे असणार? मी जावक वही उघडली आणि खणखणीत आवाजात वाचू लागलो. अमुक तारीख, दुपारी तीन दहा, वीज नाही, तक्रार ईमेलने रवाना. अमुक तारीख, सकाळी सात, वीज नाही, ईमेलने रवाना. दुसऱ्या वहीतला लाल रेघांचा आठवडा, आणि या वहीतला तक्रारींचा आठवडा. मी ते आळीपाळीने वाचत होतो आणि माझ्या वाचण्याला एक लय आली होती.

अध्यक्ष विड्याचे पान लावता लावता म्हणाले, "एक सांगा मला. लाइट नव्हती म्हणता, मग ईमेल गेली कशी तुमची?"

त्यांनी ते सहज विचारले. माझे बोट ओळीवर होते, ते तिथेच राहिले. काळी वायर, पोती, खिडकी, हिरवा दिवा. चार सेल. मी वर पाहिले तर वीजतंत्री माझ्याकडे बघत होता. त्याने मीटर हळूच टेबलावर ठेवला.

खरे बोलायला तेव्हा एक वाक्य पुरले असते. मी वही मिटली आणि म्हणालो, "मला पुढील तारीख मिळावी."

अध्यक्षांनी पुढच्या सोमवारची तारीख दिली. वीजतंत्र्याने मीटर परत उचलला आणि तो निघाला.

घरी येऊन पोती सरकवली. वायर कोमट नव्हती, आवाज करत नव्हती, सुतळीसारखी पडून होती. मीटर लावला. चार्जर चोवीसांना सारखेच भरत होता आणि ही त्यातल्या चारांतून अखंड ओढत होती, माझ्यासाठी, चार महिने. मी टोक उपटले आणि आतून बायकोचा आवाज आला, "अहो, गेलं का? मुलगी दिसायची बंद झाली." ती लेकीशी बोलत होती. मी म्हणालो, हो, गेलं.

त्या वायरीचे मी वेटोळे केले आणि न्हाणीघरामागे लाकडांत खुपसले. पुरावा लपवणे या कृत्याला कायद्यात काय म्हणतात ते मी शेकडो वेळा उतरवून घेतले आहे. दुसऱ्या दिवशी तिथून काढून ती टेबलाच्या खणात ठेवली. तिसऱ्या दिवशी तक्रार मागे घेण्याचा मसुदा केला. 'काही तांत्रिक बाबी नव्याने निदर्शनास आल्याने सदर तक्रार पुढे चालवण्याची आवश्यकता उरलेली नाही.' मसुदा उत्तम होता. त्यात खोटे एक अक्षर नव्हते. बायकोला वाचायला दिला. निवृत्त झालेली शिक्षिका ती, पेन हातात घेऊनच वाचते. वाचून झाल्यावर तिने विचारले, "यात तुम्ही कुठे आहात?"

मी खण उघडून तिला वायर दाखवली. तिने पेन खाली ठेवले. मग एवढेच म्हणाली की त्याची आई अजून आपल्याकडे फणसपोळी पाठवते.

चौथ्या दिवशी लिहिलेले पत्र चार ओळींचे होते. सेल बदललेले नाहीत. मी माझा राउटर चार सेलांवर जोडला, त्यामुळे ते रिकामे झाले. चूक माझी आहे. आरोप खोटा होता. आयुष्यात एवढे वाईट लिहिलेले पत्र माझ्या हातून गेले नव्हते, त्यात एकही 'सदर' नव्हता. उरणच्या व्यापाऱ्याला ते टपालाने धाडले, बाकीच्या पाच प्रती स्वतः घेऊन निघालो आणि प्रत्येकाची पोच घेतली. पोलीस ठाण्यातल्या हवालदाराने आधीची दोन्ही पत्रे उघडलेलीच नव्हती, त्याने तिन्ही एकत्र टाचली. सोसायटीच्या चिटणीसाने वाचून मान हलवली आणि सांगितले की दिव्यांचे काम अलिबागकडच्या एकाला देऊन टाकले, आता करार झाला.

जमातीचे सदर, म्हणजे तिथले प्रमुख, वयस्क. त्यांनी मला बसवले, चहा मागवला, पोचेवर सही केली. मग म्हणाले, "भाऊसाहेब, चावी आम्ही मागितली नव्हती. पहिलं पत्र मी जुम्म्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, तुमचं पत्र म्हणून. तुम्ही खोटं लिहिणार न्हाय, असं वाटलं." मी म्हणालो, हेही वाचून दाखवा. ते म्हणाले, "दाखवू. पण ऐकायला तीच माणसं असतील, असं थोडंच हाय."

शेवटी जेटीच्या रस्त्याला वीजतंत्र्याकडे गेलो. तो एका होडीचा पंप उघडून बसला होता. मी पत्र पुढे केले. हात तेलकट आहेत, तुम्हीच वाचा, म्हणाला. चार ओळी वाचायला किती वेळ लागतो ते मला त्या दिवशी कळले.

वाचून झाल्यावर मी विचारले, बैठकीतच तुला कळले होते ना?

"व्हय."

मग बोलला का नाहीस?

तो पंपाचे नट मोजून वाटीत टाकत होता. "तुम्ही तारीख मागितलीत. म्हटलं बघू, तारखेला येतात का."

मी सोमवारची वाट न पाहता आलो, हे सांगावेसे वाटले. सांगितले नाही.

मग त्यानेच अट घातली. सेल मेलेले नसावेत, भरून घेता येतील, म्हणाला. सगळे चोवीस सुटे करायचे, या वेळी साखळीत न जोडता सगळ्यांची एकसारखी टोके एकमेकांना जोडायची आणि सावकाश भरत ठेवायचे. ज्यात कमी आहे त्यात जास्त जाते, आणि शेवटी सगळे एका पातळीला येतात. दोन-तीन दिवस लागतील, जवळ माणूस हवा. "पण हे माझ्या वर्कशॉपला न्हाय होणार. परत दोन दिवस माझ्याकडं सेल नकोत. पंचायतीच्या पडवीत करायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. आणि बसायचं तुम्ही."

सोमवारी समितीसमोर त्याने पहिल्या सेलावरची माझी पट्टी पाण्याने भिजवली आणि नखाने सोलली. डिंक चांगला होता, वेळ लागला. खालचा छापील क्रमांक अध्यक्षांनी बिलाशी ताडून मोठ्याने वाचला. दुसरा, तिसरा, चौथा. चारही बिलातले. तो पट्ट्यांचे ओले चिठोरे गोळा करून माझ्या हातात देत गेला.

मग तीन दिवस मी पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो, सकाळी पंचायत उघडल्यापासून बंद होईपर्यंत. समोर बाकावर निळ्या सेलांच्या रांगा, चार्जर, तांब्याच्या पट्ट्या. दाखल्याला येणारे, घरपट्टी भरायला येणारे, शाळेतून परतणारे, सगळे थांबत. हे काय मांडलेय? कुणाचे? ते सेल बदलले म्हणत होते ते हेच का? प्रत्येकाला मी सांगितले की सेल बदललेले नाहीत, मीच ते रिकामे केले. पहिल्या दिवशी मी पूर्ण वाक्यात, कारणांसह सांगत होतो. दुसऱ्या दिवशी कारणे गळाली. विहिरीपाशी हसलेल्यांपैकी एकजण तर दोनदा येऊन गेला, पहिल्यांदा नीट ऐकू आले नाही म्हणून. त्यालाही दोनदा सांगितले.

मोहल्ल्यातल्या बायका तिसऱ्या दिवशी शिधापत्रिकेच्या कामाला आल्या. त्यांच्यात त्याची आई होती. तिने काही विचारले नाही. सेलांकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि आत गेली. मला सांगायचे होते ते सगळे तोंडात राहिले, कारण विचारल्याशिवाय सांगावे अशी माझी रीत कधीच नव्हती. ती बाहेर आली तेव्हा मी उभा राहिलो. म्हणालो, "माझी चूक झाली. तुमच्या मुलाची नाही."

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "लोकांना सांगा."

चार वाजता तो मीटर घेऊन आला. अध्यक्ष वही घेऊन बसले. तो एकेका सेलाला टोके लावी, आकडा मी वाचायचा, असे ठरले. चोवीसही एकसारखे भरले, पहिले चारही. पातळी एक झाली म्हणजे मधे काही झाले नाही असे नव्हे. ते चार आता बाकीच्यांच्या आधी म्हातारे होतील, असे त्याने पट्ट्या आवळता आवळता सांगितले. सोसायटीचे काम त्याला परत मिळाले नाही. जमातीने चावी त्याला परत दिली की नाही, हे विचारण्याचा अधिकार मला नाही, म्हणून मी विचारलेले नाही.

आवराआवर झाल्यावर मी चहाचे विचारले. आज न्हाय, म्हणाला, आणि मीटर खिशात घालून निघाला. पायरीशी एक अनोळखी मोटरसायकलवाला उभा होता, त्याने मला हाक मारून विचारले, ते बॅटरीचे प्रकरण इथलेच का, कुणी फसवले कुणाला? वीजतंत्री अजून हाकेच्या अंतरावर होता. तो थांबला नाही, पण त्याची चाल मंदावली. मी त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात उत्तर दिले.